अक्काला विचारा: सहा डबे पोस्टकार्डं आणि घरचे म्हणतात रद्दी

पत्र (लांबलचक होतं, थोडं कापलंय):

"अक्का, नमस्कार. मी निपाणीची, वय ४७, एका शाळेत क्लार्क आहे. पाचवीत असल्यापासून पोस्टकार्डं जमवते. आजोबा मराठा लाईट इन्फंट्रीत होते, लढाईतनं त्यांनी पाठवलेली कार्डं आजीनं मला दिली, तिथनं नाद लागला. मग आजोबांच्या भावाच्या तंबाखूच्या वखारीतली मोडी लिपीतली कार्डं, मैत्रिणींची पत्रं, सहलीला गेलं की तिथली चित्रांची कार्डं, कुणी परदेशातनं पाठवलेली. मोजली तर २२०० च्या आसपास भरली, बिस्किटाचे सहा डबे. आता आम्ही बेळगावला टिळकवाडीत फ्लॅटमध्ये जातोय. नवरा म्हणतो जागा नाही, ही रद्दी हितंच टाक. मुलगा म्हणतो स्कॅन कर आणि विकून टाक. सासूबाई म्हणतात त्यात मेलेल्यांची कार्डं आहेत, नव्या घरात नेऊ नको. आणि गेल्या आठवड्यात जुन्या वस्तू घेणारा एकजण येऊन सगळ्याचे मिळून पाच हजार देतो म्हणून गेला. तीन कार्डांचे फोटो पाठवलेत. काय करू? आणि खरं सांगा, हे वेड तर नाही ना?"

अगं, आधी त्या माणसाला फोन कर आणि सांग की अजून ठरलं नाही. उरलेलं नंतर वाच. पाच हजाराला २२०० म्हणजे सव्वादोन रुपयाला एक कार्ड झालं की गं, कोथिंबिरीची जुडीसुद्धा येत नाही त्यात. तू लिहिलंयस की त्यानं डबे उघडून भराभर चित्रं तेवढी बघितली आणि आकडा सांगितला. मला तिथंच शंका आली. एक तर त्याला कळत नाही, नाहीतर चांगलंच कळतंय.

मी पण हे करून बसलेय म्हणून सांगते. लग्नानंतर दोन वर्षांनी, घरात पैशाची ओढ होती, मी एक गठ्ठा ८०० रुपयाला देऊन टाकला. त्यात बेळगाव कॅम्पचं एक कार्ड होतं, इंग्रज काळातलं. कुणा गोऱ्या शिपायानं आईला लिहिलेलं, की हितला पाऊस थांबतच नाही आणि खोलीत ठेवलेल्या बुटांना आठ दिवसात बुरशी येते. चित्रात काय होतं ते आता मला धड आठवत नाही, चर्च होतं की बराक होती देव जाणे. पण ते बूट आठवतात. दर जुलैला आमच्या कपाटातल्या चपलांवर पांढरी बुरशी दिसली की तो पोरगा आठवतो आणि ते ८०० रुपये पण.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की कार्ड उलटं करून बघायचं. चित्र छापखान्यात हजार निघतात, मागची बाजू एकच असते. तुझ्या सहा डब्यांतलं काय ठेवायचं, काय द्यायचं, काय विकायचं हे सगळं मागच्या बाजूवर ठरव, मग भांडण निम्मं मिटतंय.

आता तू पाठवलेले फोटो. पहिलं आजोबांचं. इटलीतल्या कुठल्याशा चर्चचं चित्र, आणि खाली गावाचं नाव छापलेलं होतं ते काळ्या शाईनं खोडलंय. तू लिहिलंयस "कुणीतरी लहानपणी रेघोट्या मारल्यात बहुतेक." अगं नाही! ते सेन्सॉरनं खोडलंय. पलटण कुठं आहे हे शत्रूला कळू नये म्हणून लष्कराच्या डाकेत जागेचं नाव जाऊ द्यायचे नाहीत, म्हणूनच मागच्या शिक्क्यावर पण गावाचं नाव नाही, नुसतं एफ.पी.ओ. आणि नंबर. एफ.पी.ओ. म्हणजे फील्ड पोस्ट ऑफिस, पलटणीबरोबर फिरणारं. त्या नंबरावरनं जाणकार लोक सांगू शकतात की त्या तारखेला ते पोस्ट ऑफिस कुठं होतं. मराठा पलटणी १९४४-४५ ला इटलीत लढत होत्या, यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस तिथल्याच लढाईत मिळाला, घाडगेंना तर मरणोत्तर. आणि तुझे आजोबा त्याच काळात लिहितात, "इकडे सर्व खुशाल, थंडी फार, म्हैस व्याली का ते कळवणे." हे कार्ड सव्वादोन रुपयाला देणार होतीस!

त्याच्यावरची काळी शाई पुसायला जाऊ नको बरं का. खोडलेलं आहे म्हणूनच त्याला अर्थ आहे.

दुसरं मोडीतलं. मला मोडी अडखळत येते, पण वरचा "श्री" आणि मधे आकडे दिसतात, बहुतेक तंबाखूचा भाव आणि किती बोदं (तंबाखूच्या गासड्या) पाठवली त्याचा हिशेब असावा. वखारीची कार्डं लोक सगळ्यात आधी टाकतात, कारण त्यात "मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद" नसतं, नुसता धंदा असतो. मी म्हणेन सगळ्यात आधी हीच जप. निपाणीच्या तंबाखूचा भाव त्या आठवड्याला काय होता, माल कुठल्या गावाला गेला, कुणाची बाकी राहिली, हे दुसरीकडं कुठं लिहून ठेवलंय? कोल्हापूरला पुराभिलेखागार आहे, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, मोडी वाचणारी माणसं तिथं भेटतात. कार्डं घेऊन जाऊ नको, चांगले फोटो घेऊन जा.

तिसरं गोकाकच्या धबधब्याचं. त्यावर शेवटी बोलू.

जुनं कार्ड कुठल्या काळातलं हे ओळखायला आपल्या भागात एक सोय आहे जी पुण्या-मुंबईच्या लोकांना एवढी नाही, ती म्हणजे पत्ता. तुझ्या घराचा पत्ता एका डब्यातनं नुसता वाचत जा. आधी मुंबई इलाखा, मग मुंबई राज्य, १ नोव्हेंबर १९५६ नंतर म्हैसूर राज्य, १ नोव्हेंबर १९७३ पासनं कर्नाटक, आणि १ नोव्हेंबर २०१४ पासनं बेळगावचं बेळगावी. घर तेच, गल्ली तीच, पोस्टमन पण कदाचित तोच किंवा त्याचा मुलगा. छप्पन्नपासनंचं सगळं एक नोव्हेंबरलाच, आणि त्या तारखेला आपल्याकडं, एकीकडं राज्योत्सव आणि दुसरीकडं मराठी लोकांचा काळा दिवस, काय वातावरण असतं ते मी तुला सांगायला नको. माझ्या माहेरी एक काका होते, ते राज्याच्या जागी काहीच लिहायचे नाहीत, "ता. चिकोडी, जि. बेळगाव" आणि खाली एक जाड रेघ. म्हैसूर लिहायचं नव्हतं आणि महाराष्ट्र लिहिलं तर कार्ड भलतीकडं जाणार. त्या रेघेची नऊ कार्डं आहेत माझ्याकडं.

बाकीच्या खुणा सगळीकडच्याच. राजाचं डोकं छापलेलं असलं की स्वातंत्र्याआधीचं (छापलेला साठा नंतर काही दिवस वापरला गेला, म्हणून शिक्क्याची तारीख पण बघायची). किंमत आण्यात असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, नये पैसे असेल तर त्यानंतरचं. पत्त्यात पिन कोडचे सहा आकडे दिसले की १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. तो पिन कोड पण आपल्याच माणसानं काढलेला, श्रीराम भिकाजी वेलणकर, पोस्ट खात्यात मोठे अधिकारी आणि वर संस्कृतचे कवी. परदेशी चित्रकार्डाच्या मागं मजकुराला जागाच नसेल, नुसता पत्ता असेल आणि लिहिणाऱ्यानं चित्राच्या कडेनं बारीक अक्षरात कोंबलं असेल तर ते फार जुनं समज, कारण मागची बाजू मधे रेघ मारून अर्धी मजकुराला द्यायची पद्धत ब्रिटनमध्ये १९०२ ला आली आणि नंतर काही वर्षांत बाकीच्यांनी उचलली. कार्ड हा प्रकारच मुळात ऑस्ट्रिया-हंगेरीत १ ऑक्टोबर १८६९ ला निघाला, आपल्याकडं दहा वर्षांनी, १ जुलै १८७९ ला, पाव आण्याला.

भाषेकडं पण बघ. माझ्याकडं एक कार्ड आहे, गोकाकच्या एका मैत्रिणीचं, मजकूर सगळा मराठी पण अक्षरं कन्नड. घरात मराठी, शाळा कन्नड, मग तिला लिहायला तीच अक्षरं सोपी. मला तेव्हा कन्नड धड वाचता यायचं नाही, म्हणून शेजारच्या कानडी आजींकडं, अव्वांकडं जायचे. त्या मोठ्यानं वाचायच्या, त्यांना एक शब्द कळायचा नाही, मला सगळा कळायचा. असली कार्डं तुझ्याकडं पण असणार, आपल्या भागात नसतील तर कुठं असतील.

आता सासूबाईंचं. हे मी उडवून लावणार नाही. आपल्यात वाईट बातमीचं कार्ड दारातच वाचायचं, वाचून झालं की फाडायचं आणि आंघोळ करूनच घरात यायचं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. पोस्टमन कोपरा फाटलेलं कार्ड घेऊन आला की त्याचा चेहराच सांगायचा. म्हणून तर अशी कार्डं फारशी उरलेलीच नाहीत, जमवणाऱ्याच्या डोळ्यानं बघितलं तर ती दुर्मिळ आहेत. पण सासूबाईंसाठी ते दुर्मिळ नाही, ते कुणाचं तरी जाणं आहे. तुझ्या पत्रावरनं तशी चार-पाचच दिसतात. ती वेगळ्या लिफाफ्यात घाल, माहेरी भावाकडं ठेव. त्यांना नव्या घरात नको असेल तर नको, घर त्यांचं पण आहे. फक्त त्याआधी एकदा त्यांच्याजवळ बस आणि कुणाचं कार्ड कुणी लिहिलं, ते लोक कोण, हे विचारून घे, पेन्सिलीनं लिफाफ्यावर लिहून ठेव. त्या बोलतील असं वाटतंय मला. नाही बोलल्या तर नाही.

नवऱ्याचं उत्तर गणितानं दे. कार्ड डब्यात आडवं टाकून ठेवलं की पसारा दिसतो. तीच कार्डं फायलीसारखी उभी लावली तर २२०० कार्डं, प्लास्टिकच्या पिशव्यांसकट, जेमतेम एक मीटर भरतात. म्हणजे बुटांचे तीन-चार खोके. त्यांना विचार, कपाटात खालच्या कप्प्यात चार खोक्यांची जागा नाही? त्यांच्या जुन्या चार्जरांचा आणि वायरींचा एक ड्रॉवर असणारच, प्रत्येक घरात असतो, तो दाखव.

मुलाचं निम्मं बरोबर आहे. स्कॅन करच, पण दोन्ही बाजू, आणि त्यालाच बसव कामाला. सहाशे डीपीआय पुरे. फाईलला नाव देताना तारीख, कुणाकडनं, कुठनं, एवढं घालायचं. आयएमजी शून्य शून्य चार अशी हजार नावं पडली की ते स्कॅन असून नसल्यासारखं. पण स्कॅन झालं म्हणजे कार्ड गेलं तरी चालेल हे कुणी सांगितलं त्याला? आईच्या साडीचा फोटो काढला म्हणून साडी बोहारणीला देतोस का, विचार.

ठेवायचं कसं हे जरा नीट सांगते, कारण निपाणीपेक्षा बेळगावचा पाऊस वाईट. जून ते सप्टेंबर भिंती घाम गाळतात. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट नको, टेरेसखालच्या माळ्यावर तर अजिबात नको, आतल्या भिंतीचं कपाट बघ. आतापर्यंत रबर बँड लावले असतील तर आजच काढ, ते वितळून कागदाला चिकटतात आणि तपकिरी पट्टा कायमचा. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर नकोच नको. नव्वदच्या सुमाराला चिकट पानांचे फोटो अल्बम मिळायचे आठवतंय? मी हौसेनं चाळीस कार्डं लावली त्यात. दहा वर्षांनी काढायला गेले तर पुढचं चित्र वर आलं आणि मागचा मजकूर पानालाच राहिला. चाळीसमधली सोळा गेली. तेव्हापासनं मी कुठंच गोंद लावत नाही.

पिशव्या घेताना पीव्हीसीच्या घेऊ नको, नव्या रेनकोटसारखा वास येतो त्या. पॉलिप्रॉपिलीनच्या माग, नुसतं पीपी म्हटलं तरी दुकानदाराला कळतं. माप दोन घे, जुनं पोस्टाचं कार्ड १४ बाय ९ सेंटिमीटर असतं, आताची चित्रांची बहुतेक १५ बाय १० किंवा त्याहून मोठी. डांबराच्या गोळ्या कार्डांच्या खोक्यात टाकायच्या नाहीत. सिलिका जेलच्या पुड्या चालतील, पण त्या ओलावा पिऊन थकतात, अधूनमधून वाळवायच्या किंवा बदलायच्या. कसर लागलीय का ते दिवाळीच्या सफाईत बघ, पावसात खोके उघडत बसू नको. आणि कार्डावर काही लिहायचं असेल तर मऊ पेन्सिल, हलक्या हातानं. स्टँप सोलून काढायचा मोह होईल, तुझा मुलगा म्हणेल स्टँपला भाव आहे, नाही काढायचा. शिक्का, स्टँप आणि पत्ता एकत्र आहेत तोवरच ते कार्ड आहे.

मग द्यायचं काय? तू लिहिलंयस ताजमहालची अकरा कोरी कार्डं आहेत, उटीची सात, म्हैसूर पॅलेसची तर मोजलीच नाहीत. एकेक ठेव, उरलेली वाट. विक म्हणत नाही, त्याला गिऱ्हाईक नाही, ती लिही आणि पाठव. वर्षानुवर्षं जमवणाऱ्यांचं एक चुकतं, माझं पण चुकलं होतं, आपण घेतो खूप आणि पाठवत नाही. मैत्रिणींची कार्डं यायची बंद झाली म्हणून तू हळहळलीस, तू शेवटचं कधी पाठवलंस? पोस्टात साधं कार्ड अजून पन्नास पैशाला आहे. परदेशी हवी असतील तर पोस्टक्रॉसिंग आहे, २००५ ला पोर्तुगालच्या एका माणसानं सुरू केलेलं, आपण एका अनोळखी पत्त्यावर कार्ड पाठवायचं, ते पोचून नोंद झालं की आपला पत्ता दुसऱ्या कुणा अनोळखी माणसाला जातो. मला एकदा फिनलंडच्या एका बाईचं आलं होतं, तिनं बर्फ किती पडलाय ते लिहिलेलं, मी तिला उलटं लिहिलं की आमच्याकडं कुंदा (दुधाची मिठाई) मिळतो आणि तो काय असतो ते अर्ध्या कार्डात सांगता येईना, शेवटी बाण काढून पत्त्याच्या बाजूला गेले.

पाठवताना एक कर, काऊंटरवर जाऊन शिक्का हातानं आणि नीट उमटेल असा मारून द्या म्हणून सांग. नाहीतर अर्धा शिक्का, शाई पुसलेली, तारीख वाचता येत नाही. काऊंटरवरचे एकदोनदा वैतागतील, नंतर ओळखायला लागतात. आमच्या हितले तर मी दिसले की शिक्का आधी रद्दी कागदावर मारून शाई बघतात.

विकायचंच असेल पुढंमागं, तर गठ्ठ्यानं कधी नाही. चित्रकार्डांत खऱ्या फोटोची कार्डं वेगळी आणि छापील वेगळी. भिंग घेऊन बघ, छापील असेल तर बहुतेक वेळा बारीक ठिपके ठिपके दिसतात, खरा फोटो असेल तर ठिपके नसतात, सावली सलग उतरते. पहिल्या महायुद्धाच्या आधीची बरीच कार्डं जर्मनीत छापून यायची, मागं बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं, प्रकाशकाचं नाव पण असतं. कोपरे, मोड, डाग बघून भाव पडतो. पोस्ट खात्याच्या कर्नाटक सर्कलचं कर्नापेक्स हे स्टँपांचं प्रदर्शन भरतं तेव्हा दोन दिवस काढून जाऊन ये, तिथं दहा जणांना दाखव, दहा आकडे ऐक, आणि त्या दिवशी काहीच देऊ नको.

वेड आहे का विचारलंस. आजोबांचं कार्ड आधी आजीनं जपलं, मग तू, दोघींची मिळून सत्तर-ऐंशी वर्षं झाली. आजीला कुणी विचारलं होतं का हे? तुलाच का विचारतात ते मला कळत नाही, आणि तू मला विचारतेस ते तर त्याहून कळत नाही.

आता ते गोकाकचं कार्ड. धबधबा मस्त आलाय, वरचा झुलता पूल दिसतोय, कोपऱ्यात इंग्रजीत नाव छापलंय. भिंगाखाली ठिपके दिसतात का बघ आणि कळव. पण तू फोटो पाठवलास तो पुढच्याच बाजूचा. तू पण त्या माणसासारखंच केलंस की गं. कार्ड उलटं कर, उजेडात धर, आणि मागचा फोटो पाठव, कोरं असलं तरी पाठव.

— अक्का